दिराचा हप्ता आणि तुमचा सातबारा

जालना जिल्ह्यातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. त्यांच्या सांगण्यावरून नाव-गाव गाळून त्याचा गोषवारा देत आहे.

सासरे २०१७ मध्ये गेले. तेव्हा आठ एकर जिरायत जमिनीवर सासूबाई, यजमान, धाकटे दीर आणि नणंद अशी चार नावं लागली. २०२१ मध्ये यजमान आजारपणात गेले. त्यांचं नाव सातबाऱ्यावर अजून तसंच आहे. आठही एकर ताईच करतात, सोयाबीन, तूर आणि थोडा कापूस. दीर छत्रपती संभाजीनगरला एका खाजगी कंपनीत आहेत. उत्पन्नात वाटा मागत नाहीत, दिवाळीला आले की तुरीची डाळ तेवढी नेतात. ताईंना 'लाडकी बहीण'चे दीड हजार दरमहा मिळतात. परवा अकरावीतल्या मुलीने मोबाईलवर केंद्राच्या पीएम किसान योजनेची गावाची यादी काढली, तर त्यात दिरांचं नाव निघालं. "जो माणूस बांधावर पाय ठेवत नाही त्याला हप्ता पडतो, आणि मी उन्हातान्हात राबते तर माझं नाव कुठेच नाही. ते इन्कम टॅक्सचा रिटर्न भरतात, म्हणजे त्यांना हे पैसे घेताच येत नाहीत. माझ्या लेकरांचे पैसे ते खातात. तक्रार केली तर घर तुटेल, गप्प बसले तर मनाला लागतं. काय करू?" पत्राच्या शेवटी त्या लिहितात, की यजमान गेल्यावरही त्यांच्या खात्यावर दोन हप्ते पडले होते आणि ते काढून मुलीच्या फीला लावले.

ताई,

तुमच्या पत्रातलं एक वाक्य वर गोषवाऱ्यात घेतलं नाही, कारण त्याबद्दल आधी बोलायचं आहे. ई-पीक पाहणीच्या, म्हणजे पेऱ्याची नोंद करायच्या, ॲपमध्ये 'खातेदार निवडा' आलं की दर हंगामात तुम्ही यजमानांचं नाव निवडता आणि सोयाबीनचा फोटो टाकता, असं तुम्ही लिहिलं आहे. माणूस जाऊन इतकी वर्षं झाली, तरी सरकारच्या कागदावर पेरणी तेच करत आहेत आणि तुम्ही त्या कागदावर कुठेच नाही. तुमचा राग दिरांवर निघाला आहे. मला मात्र तुमच्या दुखण्याचं मूळ या ॲपच्या यादीत दिसतं.

तरी आधी दिरांचंच बघू, कारण तुम्ही तेच विचारलं आहे.

दीर तुमचे पैसे खातात, हे तुम्ही धरून चालला आहात. ते तसं नाही. पीएम किसानमध्ये 'कुटुंब' म्हणजे नवरा, बायको आणि अठरा वर्षांखालची मुलं. सातबारा एकच असला तरी दोन भाऊ ही दोन वेगळी कुटुंबं धरली जातात, आणि प्रत्येक पात्र कुटुंबाला वर्षाला ६,००० रुपये, दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांत मिळतात. पीएम किसानमध्ये असलेल्यांना राज्याच्या 'नमो शेतकरी महासन्मान निधी'चे आणखी ६,००० मिळतात. ती योजना २०२३ मध्ये आली. दिरांना पडणाऱ्या हप्त्यामुळे तुमचा हप्ता अडलेला नाही. उद्या त्यांचं नाव यादीतून गेलं, तरी त्या जागी तुमचं येणार नाही. तक्रारीतून तुमच्या हाती एक रुपयाही लागायचा नाही, हे आधी पक्कं समजून घ्या.

दुसरं, रिटर्नचं. योजनेतून वगळलेल्यांची यादी स्पष्ट आहे: सरकारी नोकर (चतुर्थ श्रेणी सोडून), महिना १०,००० किंवा त्याहून जास्त पेन्शन घेणारे, आमदार-खासदारांसारखे पदाधिकारी, व्यवसाय करणारे डॉक्टर, वकील, इंजिनिअर, सी.ए., आणि मागच्या करनिर्धारण वर्षात ज्यांनी आयकर भरला ते. 'आयकर भरला ते', हे नीट वाचा. रिटर्न भरणं वेगळं आणि कर भरणं वेगळं. कंपनीतले कितीतरी कामगार कर्जासाठी किंवा कापलेला टी.डी.एस. परत मिळावा म्हणून रिटर्न भरतात, पण त्यांचा कर शून्य असतो. नव्या करप्रणालीत २०२३-२४ पासून सात लाखांपर्यंत आणि २०२५-२६ पासून बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर शून्य होतो. खाजगी नोकरी म्हणून कोणी अपात्र ठरत नाही. दिरांचा पगार किती ते तुम्ही लिहिलेलं नाही, बहुधा तुम्हालाही माहीत नसावं. ते पात्र असण्याची शक्यता चांगली आहे. खरोखर कर भरत असतील तर मात्र त्यांनी घेतलेले हप्ते त्यांना परत करावे लागतील. २०२० नंतर तहसील कार्यालयांनी अशा करदात्यांना नोटिसा काढून वसुली केलेली आहे.

आणि तिसरं, थोडं कडू आहे. यजमान गेल्यावर पडलेले दोन हप्तेही नियमात बसत नाहीत. लाभार्थी वारला की हप्ता थांबायला हवा आणि ते कळवण्याची जबाबदारी घरच्यांवर येते. तुम्ही ते पैसे लेकीच्या फीला लावले, कुठे उधळले नाहीत, आणि त्या दिवसांत कोणाला कसलं भान होतं हे मला कळतं. हे बोलून दाखवण्याचं कारण एवढंच, की दिरांविरुद्ध अर्ज दिलात तर त्याच घरातली दुसरी फाईलही उघडेल.

आता तुमच्या रागाबद्दल. तो खोटा नाही. २०१९ च्या फेब्रुवारीत ही योजना सुरू झाली तीच मुळी जमीन नावावर असणाऱ्यांसाठी. कोण कसतं, कोणाच्या हाताला भेगा पडतात, हे त्यात विचारलेलं नाही. बटईने करणारा, मजुरी करणारी, नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावची शेती आयुष्यभर ओढणारी बाई, हे सगळे बाहेर राहिले. असं होणं अटळ होतं असंही नाही. त्याच सुमारास ओडिशाने 'कालिया' योजनेत वाटेकरी आणि भूमिहीन कुटुंबांनाही धरलं होतं. तेव्हा 'मी राबते आणि माझं नाव कुठेच नाही' हे तुमचं वाक्य शंभर टक्के खरं आहे. फक्त ते दिरांना उद्देशून म्हणू नका, त्यांनी हा नियम केलेला नाही.

समजा, उद्या तुमचं नाव लागलं आणि दोन्ही योजना मिळून वर्षाला १२,००० सुरू झाले. मग तुमची मिळकत तेवढ्याने वाढेल का? नाही वाढणार. 'लाडकी बहीण'चा नियम असा, की दुसऱ्या सरकारी योजनेतून बाईला दीड हजारांपेक्षा कमी मिळत असतील तर वरचा फरक तेवढा द्यायचा. किसानचे महिन्याला १,००० धरले जातात, म्हणून अशा बहिणींना ५०० मिळतात. आज तुम्हाला वर्षाला १८,००० येतात. उद्या १२,००० आणि ६,००० मिळून तेवढेच येतील. ज्या रकमेसाठी तुमची झोप उडाली आहे, ती आजच्या नियमाने तुमच्या पदरात भर घालत नाही.

मग नाव लावायचं कशाला, असं वाटेल. ते लावायचंच आहे, पण हप्त्यासाठी नाही.

२०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात पावसाने काय केलं ते मी तुम्हाला काय सांगणार. त्या भरपाईचे दिरांच्या आणि सासूबाईंच्या नावाचे पैसे आले आणि यजमानांच्या नावाचे अडकले, असं तुम्ही जाता जाता लिहिलं आहे. जिरायतीला हेक्टरी ८,५०० आणि रब्बीसाठी हेक्टरी १०,००० असे दर होते. यजमानांच्या वाट्याचे दोन एकर म्हणजे साधारण ०.८० हेक्टर धरले तर १४,८०० रुपये होतात. किसानच्या अख्ख्या वर्षाच्या रकमेपेक्षा जास्त, आणि ते फक्त वारस न लावल्याने अडले आहेत. पीक विम्याचंही तेच झालं. २०२५ च्या खरिपापासून एक रुपयातला विमा बंद झाला आणि फार्मर आयडी (शेतकरी ओळखपत्र) सक्तीचा झाला. फार्मर आयडी ज्याच्या नावावर जमीन त्याचाच निघतो, गेलेल्या माणसाचा निघत नाही. 'महाडीबीटी' या सरकारी पोर्टलवरचं ठिबक, बियाणं, अवजारं, बँकेचं पीककर्ज, सगळ्यांना हाच दरवाजा आहे. आणि 'लाडकी बहीण' पासष्टाव्या वर्षापर्यंतच आहे. जमिनीवरच्या नावाला वयाची अट नसते.

म्हणून माझं स्पष्ट मत: दिरांची तक्रार आत्ता करू नका, आणि गप्पही बसू नका. वारस लावा.

याला दिरांची परवानगी लागत नाही. हे मी मुद्दाम ठळक सांगते, कारण आपल्याकडे बायका वर्षानुवर्षं 'भावकी काय म्हणेल' म्हणून थांबतात. यजमानांच्या हिश्श्याला त्यांचे वारस लागायचे: तुम्ही, तुमची दोन मुलं आणि सासूबाई. हो, सासूबाईसुद्धा. हिंदू वारसा कायद्यात मुलाच्या मिळकतीत आईही पहिल्या वर्गातली वारस असते. अर्जाला मृत्यू दाखला, वारसांबद्दलचं प्रतिज्ञापत्र किंवा स्वयंघोषणापत्र, सगळ्यांची आधार कार्डं, रेशनकार्ड, सातबारा आणि आठ-अ लागतो. अर्ज तलाठ्याकडे द्या (आता त्यांचं पद ग्राम महसूल अधिकारी झालं आहे), नाहीतर महा ई-सेवा केंद्रातून 'ई-हक्क' प्रणालीवर भरा. फेरफार (सातबाऱ्यातल्या बदलाची नोंद) धरला की संबंधितांना नोटीस जाते, हरकतीला १५ दिवस असतात, मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. वारसा कळवायला कायद्यात तीन महिन्यांची मुदत आहे, पण उशिराने हक्क बुडत नाही. २०२५ च्या एप्रिलमध्ये 'जिवंत सातबारा' मोहीम राज्यभर झाली ती अशाच, वर्षानुवर्षं मयतांच्या नावावर राहिलेल्या सातबाऱ्यांसाठी. तेव्हा तुमचा अर्ज काही जगावेगळा नाही, कार्यालयात कोणी तसं भासवलं तरी.

नोंद मंजूर झाल्यावर नवीन सातबारा हातात घेऊन शांतपणे वाचा. मुलं अज्ञान आहेत, म्हणून त्यांच्या नावापुढे 'अ.पा.क.' (अज्ञान पालनकर्ता) येऊन पालक म्हणून तुमचं नाव यायला हवं. मुलीचं नाव गाळून फक्त मुलाचं लागलेलं नाही ना, हे बघा. अजूनही असं होतं. 'इतर हक्क' या रकान्यात सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा आहे का तेही बघा, यजमानांनी पीककर्ज घेतलेलं असेल तर तुम्हाला ते माहीत हवं. आणि खाली 'सामाईक क्षेत्र' अशी ओळ असेल. म्हणजे आठ एकरांत कोणाचे कोणते दोन एकर हे कागदावर ठरलेलं नाही. सामाईक खात्याला भरपाई वाटताना बऱ्याचदा बाकीच्यांचं संमतीपत्र मागतात. पुढे सगळ्यांच्या मनात असेल तर महसूल अधिनियमाच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडून वाटणी करून घेता येते. पण वाटणीचा विषय वारसाच्या अर्जाबरोबर काढू नका. ते वेगळं काम आहे, आणि त्याला सगळ्यांची मनं जागेवर असावी लागतात.

मग शेतकरी ओळखपत्र काढा आणि त्यावर पीएम किसानची नवीन नोंदणी करा. योजनेत जमीनधारणेची तारीख १ फेब्रुवारी २०१९ धरली आहे, त्यानंतर खरेदी केलेल्यांना ती आडवी येते. मालकाच्या मृत्यूमुळे वारसाने आलेल्या जमिनीला ती लागू नाही. यजमान त्या तारखेआधीचे खातेदार होते, म्हणून तुम्हाला अडचण यायला नको. खात्याला आधार जोडलेलं असू द्या आणि ई-केवायसी करून टाका.

आता ज्यांच्याबद्दल तुम्ही पत्रात फारसं काही लिहिलं नाही, त्या दोन बायकांबद्दल.

सासूबाईंचं नाव २०१७ पासून सातबाऱ्यावर आहे. त्या विधवा आहेत, म्हणजे योजनेच्या हिशोबात त्या स्वतःच एक स्वतंत्र कुटुंब. यादीत त्यांचं नाव आहे का, हे मुलीने बघितलं का? नसेल, तर कोणाशीही न भांडता, उद्या सकाळी करता येण्यासारखं काम हेच आहे. त्यांचं वय तुम्ही अडुसष्ट लिहिलं आहे, म्हणजे 'लाडकी बहीण'ची वजावटही त्यांना लागत नाही. ज्या घरात तुम्ही दोघी एका चुलीवर जेवता, तिथे वर्षाला १२,००० रुपयांची खरी भर यातून पडू शकते.

आणि नणंद. पत्रात तुम्ही सगळीकडे 'आम्हा दोघांची जमीन' म्हणता, म्हणजे तुमची आणि दिरांची. पण सातबाऱ्यावर चार नावं आहेत. २०१७ मध्ये तिचं नाव लागलं हे तुमच्या घराला शोभणारं झालं. कितीतरी घरांत बहिणीकडून त्याच आठवड्यात हक्कसोड लिहून घेतात. स्वतःचं नाव कागदावर नसल्याचं दुःख तुम्हाला ठाऊक आहे. मग तिचं नाव बोलण्यातूनसुद्धा गाळू नका. शिवाय संमतीपत्र लागेल तेव्हा तिची सहीही लागणारच आहे.

दिरांशी बोलायचं ते अर्ज देण्याआधी, नोटीस घरी पोचण्याआधी. फोनवर नको, ते गावी आले की सासूबाईंसमोर. बोलण्यात किसानच्या हप्त्याचं नाव काढू नका. एवढं पुरे: "भाऊजी, ह्यांचं नाव अजून सातबाऱ्यावर तसंच आहे, भरपाई अडली आहे. मी वारस लावायचा अर्ज करतेय. तुम्हाला नोटीस येईल. तुमच्या हिश्श्याला कुठे हात लागत नाही." ही परवानगी मागणं नाही, कळवणं आहे, पण आपुलकीने कळवणं आहे. बहुतेक घरांत एवढ्यावर काम होतं.

एक गोष्ट तुम्ही विसरताय असं मला वाटतं. दिरांच्या दोन एकरांचं पीक वर्षानुवर्षं तुम्ही घरात आणता आणि ते बटई मागत नाहीत. तुमच्याकडे बटईचा भाव काय आहे ते तुम्हीच जाणता. दोन एकर सोयाबीनच्या उत्पन्नाचा निम्मा हिस्सा लावून बघा. कदाचित दिरांच्याही मनात असेल, की वहिनीला शेत करू द्यावं, आपल्याला हप्ता पडतो तेवढा पुरे. असा करार कोणी तोंडाने बोलत नाही, पण घरं अशाच न बोललेल्या करारांवर चालतात. तो मोडायचा असेल तर मोडा, तुमचा हक्क आहे, पण काय मोडतंय ते मोजून. हे मी मिंधेपणाने राहा म्हणून सांगत नाही. नाव लागलं की हाच करार तुम्ही बरोबरीने बसून, उघड बोलून करू शकता: अमुक वर्षं शेत मी करीन, तुमच्या हिश्श्याचं इतकं देईन. जमल्यास नोंदणीकृत करा, म्हणजे त्यांच्या हिश्श्यातल्या पिकाचा विमाही तुम्हाला उतरवता येईल.

हे वाचणाऱ्या इतर बहिणींसाठी. यजमान हयात आहेत आणि सातबाऱ्यावर फक्त त्यांचंच नाव आहे, अशा घरांत 'लक्ष्मी मुक्ती' योजनेखाली नवऱ्याने अर्ज केला की बायकोचं नाव सहधारक म्हणून लागतं. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने १९९० च्या आसपास गावोगाव ही हाक दिली होती, नंतर सरकारनेही तसा निर्णय काढला. अर्ज तलाठ्याकडेच द्यायचा असतो. दुःखाच्या दिवसांत कागद शोधत बसण्यापेक्षा हे काम दोघं असताना झालेलं बरं. नवऱ्यांनीही हे वाचावं, अशी माझी मनापासून विनंती आहे.

राहिले ते दोन हप्ते, ४,००० रुपये. ते परत करा. पीएम किसानच्या पोर्टलवर पैसे परत करण्याची सोय आहे. तिथे जमलं नाही तर तहसीलमध्ये जाऊन मृत्यू दाखला दाखवा, भरणा करा आणि पावती घ्या. एकदम जमत नसेल तर भरपाईचे अडकलेले पैसे आल्यावर करा, पण नवीन नोंदणीत कोणी अडवण्याआधी तुमच्याकडून झालेलं असू द्या.

त्यानंतरही दिरांबद्दल मनात राहिलं, तर त्यांनाच विचारा की कर भरता का. भरत असतील, तर हप्ता स्वेच्छेने सोडण्याची सोय त्याच पोर्टलवर आहे, आणि नोटीस येण्याआधी सोडलेला बरा हे त्यांनाही पटेल. यातून नाहीच निभावलं तर १५५२६१ ही योजनेची हेल्पलाइन आहे, तालुका कृषी अधिकारी आहेत. तक्रारीचा रस्ता नंतरही मोकळाच आहे.

सध्या मृत्यू दाखल्याच्या दोन-चार जादा नकला काढून ठेवा. नोटिशीवर हरकत आली तर तिची प्रत घेऊन मला पाठवा, पुढचं आपण तेव्हा बघू.